तुळजाबाईच्या हातची थापी

मित्रांनो, मी गवंड्याची जुनी थापी आहे. पण माझी कीव करू नका. बीडच्या लोहाराने ट्रकच्या तुटलेल्या कमानपाट्यातून माझे पाते घडवले आणि बाभळीची मूठ बसवली. अनेक वर्षे बंकट गवंड्याच्या हातात राहून मी विटांवर सिमेंटचा माल पसरला.

त्या काळी चकलांबा गावात मातीची माळवदे उतरून स्लॅब चढत होते. बागायतदार अर्जुनरावांच्या बंगल्याच्या भिंती खिडक्यांपर्यंत आल्या, आणि बंकट परांचीवरून पडला. उजवा हात मोडला. तोवर घमेली वाहणाऱ्या त्याच्या बायकोने, तुळजाबाईने, मला उचलले. पहिली भिंत वाकडी गेली. तिने ती स्वतःच पाडली, विटा धुतल्या आणि ओळंबा धरून पुन्हा रचली. बंकट खाली बसून शिकवीत राहिला.

पानपट्टीवाला त्रिंबक हसायचा, "बंकट, आता चूल तू पेटव बे."

"पेटवतोय की. भाकर तेवढी करपती."

उरलेल्या भिंती तिने उभ्या केल्या, गिलावा तिने केला. तरी गाव तिला गवंड्याची बायकोच म्हणत राहिले. हे तिला सलत होते.

वास्तुशांतीला गवंड्याला फेटा बांधण्याची चाल होती. भर मांडवात अर्जुनरावांनी फेटा उचलला.

"ये बंकट, मान घे."

बंकट जागचा हलला नाही. "भिंती हिच्या हायत, मालक."

"आरं, तिला लुगडं देतो की. आत बायकांत बस म्हणावं."

तुळजाबाई मला हातात घेऊन पुढे आली. "लुगडं गवंड्याच्या बायकूला देत्यात. मी गवंडी हाय. मला फेटा कावून न्हाई?"

"बाईच्या डोक्यावर फेटा? लोक हसतील."

"हसू द्या. माझ्या भिंतीच्या आत निजायला तुमाला लाज न्हाई, मग फेट्याचीच कावून?"

अर्जुनरावांनी एकदा भिंतींकडे पाहिले आणि फेटा तिच्या डोक्यावरच्या पदरावरच गुंडाळला. तो कपाळावर घसरला. तिने तो घट्ट बसवला आणि ती पुरुषांच्या पहिल्या पंगतीत बंकटशेजारी जेवायला बसली. कोणी उठवले नाही.

मित्रांनो, आज माझे पाते झिजून निम्मे उरले आहे. मला शोभेसाठी टांगू नका. काम संपले की धुवा, कोरडी पुसा. माल चिकटून राहिला तर मी निकामी होते. आणि एखादी मुलगी मला मागू लागली, तर मूठ तिच्या हातात द्या. तिला कशाला हवी, असे विचारू नका. मीही विचारले नव्हते.