मागचं दार

रुपा शहाद्यात पार्सलं पोहोचवायची. गल्लीगल्लीतली दारं तिला पाठ होती, पण राहायला एक खोली मिळेना. परवडेल असं घर सापडलं, की घरमालक गाव विचारायचा. धडगावकडची, आदिवासी म्हटलं, की खोली आधीच दिलेली असायची.

शेवटी जवळच्या खेड्यात गजराबाईंनी सासऱ्यांचं बंद घर दिलं. त्यांची मुलं सुरतेला, घर वाळवी खातेय. दुरुस्त करा, थोडक्या भाड्यात राहा, एवढाच करार. रुपा, तिचा भाऊ अमृत आणि पार्सलवाले दोन सोबती यांनी सुट्टी मिळेल तसे पत्रे बदलले, वासे बदलले, भिंतींना गिलावा केला.

तेवढ्यात शेजारचे शिवाजीआबा चार माणसं घेऊन आले. "राहा म्हणा," ते गजराबाईंना म्हणाले, "पण ये-जा मागल्या दारानं. गल्लीत आमच्या लेकीसुना असतात."

मागे उकिरडा होता. "भांडण नको पोरी," गजराबाई रुपाला म्हणाल्या. "दार ते दारच."

शहाद्यातल्या प्रत्येक घराच्या पुढच्या दारात रुपा हसून उभी राहायची. स्वतःच्याच घरात चोरासारखं शिरायचं? सकाळी तिने उरलेल्या विटा उचलल्या आणि मागचं दार चिणायला घेतलं.

गजराबाई धावत आल्या. "मन्हं घर शे! माले इचारं का?"

"नाही विचारलं," रुपा म्हणाली. तिने पुढची वीट बसवली. "हाकलायचं तर हाकला. जाईन पुढच्याच दारानं."

गजराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग पदर खोचून त्यांनी घमेलं उचललं. "गारा पातळ व्हयना तुन्हा," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी कालवलेल्या चिखलात कोरडी माती घातली.

दुपारी पुढच्या दारासमोर शिवाजीआबांच्या ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी उभी होती, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांनी भरलेली. रुपासह चौघांनी खांदे लावले. ट्रॉली हलेना. पाचव्या गजराबाई आल्या, तेव्हा चाक फिरलं. ट्रॉली नेऊन त्यांनी आबांच्याच अंगणात सोडली.

"घर मन्हं, भाडेकरू मन्हा," गजराबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आते बोला, कोणले काय बोलनं शे ते!"

जमलेले एकेक करून आपापल्या घरात शिरले. आबा अजूनही रुपाशी बोलत नाहीत. रुपा मात्र रोज गाडी पुढच्या दारातून काढते, "जय आदिवासी, आबा!" म्हणून मोठ्याने हाक देते आणि उत्तराची वाट न पाहता कामाला निघते.