तिनं वर पाहिलं नाही

"हॅट सरळ कर आणि ते हातमोजे पिळू नकोस. लोकांना वाटेल, खून तूच केलास," ओरा ली म्हणाली.

"तुझं काय जातंय बोलायला! उद्या शाळेच्या स्वयंपाकघरातून मला काढलं, तर तू जेवायला घालणार आहेस?"

"घालीन की. स्वयंपाक मात्र तूच करायचास."

वर्डेलला हसू आलं नाही. दोघी बहिणी कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. खिडकीतून एक हिरवा ट्रक दिसत होता. साक्षीचं बोलावणं आल्यापासून आठवडाभर तो दिवसाढवळ्या तिच्या घरासमोरून सावकाश जायचा. आत कोण असतं, हे पाहायची तिची छाती झाली नव्हती. आज तो कोर्टासमोरच उभा होता.

सहा वर्षांपूर्वी वर्डेलला याच कोर्टात ज्यूरीसाठी, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा नागरिकांत बसण्यासाठी, बोलावलं होतं. एका दुकानदाराचा खून झाला होता. आरोपी लूशियस पिकेट पलीकडच्या गावचा, तिच्या ओळखीचाही नव्हता. पुरावा एवढाच, की कुणा एकानं तिन्हीसांजेला, रस्त्यापलीकडून, टोपीखालचा चेहरा ओळखला होता. वर्डेल चर्चला जायचा निळा झगा घालून आली, विचारलं त्याला अदबीनं "हो साहेब, नाही साहेब" म्हणाली. सरकारी वकील बर्डेटसाहेबांनी तिला ज्यूरीतून वगळून घरी पाठवलं. मग उरलेल्या चारही काळ्या माणसांना. बाराच्या बारा गोऱ्यांनी लूशियसला दोषी ठरवलं आणि तो जन्मठेपेवर गेला.

आता त्याच्या अपिलाच्या वकील मिस हॅडली यांनी जुने कागद उकरून काढले होते. पुरावा लंगडा आणि ज्यूरी रंग बघून निवडलेली, असं त्यांचं म्हणणं. बर्डेटसाहेबांनी तेव्हा प्रत्येकाला वगळण्याचं कारण दिलं होतं. वर्डेलच्या नावापुढे लिहिलं होतं: 'तिनं वर पाहिलं नाही. काहीतरी लपवत असावी.'

ते तिला पहिल्यांदा मिस हॅडलींकडूनच कळलं. आपण किती शहाण्यासारखं वागलो, असंच ती सहा वर्षं समजत होती.

आतून नाव पुकारलं गेलं.

"जा," ओरा ली म्हणाली. मग हळूच, "एमसचं सांगशील?"

वर्डेल हॅट सरळ करून आत गेली.

"मिस टिलमन, त्या दिवशी तुम्ही वर का पाहिलं नाहीत?" मिस हॅडलींनी विचारलं.

वर्डेल हातमोज्यांकडे बघत राहिली.

"आईनं तसंच शिकवलं होतं, बाई. गोऱ्या माणसापुढे नजर खाली. हनुवटीला धरून मान खाली दाबायची ती." तिनं हातमोजे मांडीवर सरळ केले. "माझा भाऊ एमस सतरा वर्षांचा होता. एक्केचाळीस साली मुकादमाच्या डोळ्यांत बघून बोलला. तिसऱ्या दिवशी नदीत सापडला."

बर्डेटसाहेब उठले. त्यांचे चकचकीत बूट तिच्यापुढे येऊन थांबले.

"गोष्ट छान सांगितलीस, वर्डेल. पण आत्ताही खालीच बघतेयस की. आता कुणाची भीती?"

"तुमचीच, साहेब."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं, कुणीतरी खाकरलं. ट्रकवाला त्यांतलाच एक असेल, असं तिच्या मनात आलं. मानेवर आईचा हात अजून होताच, एमस गेल्यापासून सत्तेचाळीस वर्षं. त्या हाताखालून वर्डेलनं मान उचलली.

बर्डेटसाहेबांचे डोळे करडे होते. एक पापणी जरा लवत होती.

ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. साक्ष टंकणाऱ्या बाईंची बोटं थांबली. काय लिहावं ते त्यांना कळेना.

"न्यायाधीश महाराज," मिस हॅडली म्हणाल्या, "नोंद व्हावी. साक्षीदारानं वर पाहिलं."

न्यायाधीशांनी क्षणभर दोघांकडे पाहिलं. "घ्या लिहून."

यंत्र खडखडलं. निकाल लागायला अजून कित्येक महिने होते. जायची परवानगी मिळेपर्यंत वर्डेलनं नजर हलवली नाही. पिंजऱ्याची पायरी उतरताना मात्र तिला खाली पाहावंच लागलं. पायरी उंच होती.