पाळकसाहेबांचा आवाज

"त्यांना थोडे दिवस बोलावू नकोस गं. डॉक्टरांनी घशाला आराम सांगितलाय."

चर्चच्या पायऱ्यांवर पाळकसाहेबांच्या पत्नीने, पाळकबाईंनी, तिचा हात धरून हळूच सांगितलं होतं. तिने मान डोलावली आणि पायऱ्या उतरता उतरता ते मनावेगळंही केलं. नवरा जरा घरात टिकावा, असं कुठल्या बायकोला वाटत नाही? म्हणून बोलल्या असतील त्या तसं!

तिचं पहिलंच बाळ, आणि तिचं काळीज मुळात सशाचं. बाळाने दूध ओकलं की पाळकसाहेबांना फोन. अंग जरा कोमट लागलं की फोन. "अगं, ते पाळक आहेत की थर्मामीटर?" नवरा चेष्टा करायचा. पण पाळकसाहेब यायचे. दाराशी सायकल लावायचे, हात धुवायचे, पाळण्यावर वाकून प्रार्थना करायचे आणि मग खालच्या सुरात एक गीत म्हणायचे. बाळ टकमक बघत बघत झोपी जायचं. त्यांचा आवाज अलीकडे खरखरतो, मधेच तुटतो, हे तिला कळत होतं. बाळाच्या श्वासाला कान लावून बसणारी बाई ती, तिला कळणार नाही तर कोणाला? तरी ती गरम पाणी पुढे करून म्हणायची, "अजून एक कडवं म्हणा ना."

ती एकटीच अशी होती असंही नाही. चर्चच्या मंडळीत कोणाची नोकरी गेली, भावाभावांत फाटलं, म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की पाळकसाहेब हजर. रविवारी उपासनेला कोणी दिसलं नाही, तर सोमवारी ते त्याच्या दारात. "काल बाक रिकामा होता तुमचा. बरे आहात ना?"

अशाच एका रविवारी उपासनेच्या शेवटी त्यांनी आशीर्वादासाठी हात वर केले. ओठ हलले. आवाज आला नाही. चर्चच्या सेक्रेटरींनी लगबगीने उठून माइकवर टिचक्या मारल्या. "माइक गेला वाटतं!" टिचक्या मात्र साऱ्या चर्चभर खणखणीत ऐकू आल्या.

बाहेर अंगणात एकच चर्चा. "पुढच्या रविवारी उपदेश कोण करणार?" "आमच्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय, आता काय करायचं?" तिलाही बाळाला देवाच्या चरणी अर्पण करायच्या विधीची काळजी लागली. त्याचीच तारीख विचारायला ती दोन दिवसांनी बाळाला कडेवर घेऊन पाळकसाहेबांच्या घरी गेली.

दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलापाशी त्यांची धाकटी लेक गणितं सोडवत होती. समोर पाळकसाहेब. लेकीने पाटीवरच्या उत्तरावर बोट ठेवून भुवया उंचावल्या. त्यांनी टेबलावर दोनदा टकटक केली. तिने जीभ चावून उत्तर पुसलं. तेवढ्यात दारात बाळ दिसलं, आणि पाळकसाहेब सवयीने उठून हात धुवायला निघाले.

"नाही नाही, बाळ बरंय!" ती ओशाळून म्हणाली. मग काहीतरी बोलायचं म्हणून लेकीकडे वळली. "बाबांचा आवाज बसला म्हणून ही नवी भाषा शिकलीस वाटतं?"

"नवी कुठंय, मावशी? आम्ही कधीपासून असंच बोलतो. बाबा घरात बोलतच नाहीत."

"का गं?"

"आवाज संपतो ना! मग तुमच्या बाळाला गाणं कसं म्हणणार?"

मुलीच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. घरचा एखादा साधा नियम सांगावा, तसं तिने सांगितलं आणि पुढचं गणित मांडायला घेतलं. पाळकसाहेब खिडकीबाहेर बघू लागले.

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. स्वयंपाकघरात जाऊन ती पाळकबाईंना म्हणाली, "बाई, मला नीट सांगायचंत तरी!"

"सांगितलं होतं."

तिला चर्चच्या पायऱ्या आठवल्या.

पाळकबाईंनी तिच्या कडेवरून बाळ घेतलं. "मी त्यांनाही सोडलं नाही हो. म्हटलं, मंडळीला गीत आणि लेकीला खुणा, हा कुठला न्याय? त्यांना नाही म्हणता येत नाही, हा त्यांचा दोषच. पण ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडे मागताना आपण हात आवरायला नको? देणारा स्वतःच्या घरातून काय उचलून आणतो, ते विचारायला नको? आता महिनाभर पूर्ण मौन. नंतरही आवाज परत येईलच, असं डॉक्टर म्हणत नाहीत."

ती तारीख न विचारताच घरी परतली. वाटभर तिला मान वर करवेना.

पुढच्या रविवारी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी उपासना चालवली. नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, "आज कोणासाठी प्रार्थना करायची?" कोणी परीक्षेला बसलेल्या नातवाचं नाव घेतलं, कोणी स्वतःच्या गुडघ्याचं. मग ती उठली.

"पाळकसाहेबांसाठी," ती म्हणाली. "आजवर आपण कोणीच त्यांचं नाव घेतलं नाही. पण नुसती प्रार्थना नको. महिनाभर कोणी त्यांना बोलावू नका."

"अहो, पण ते पाळक आहेत," सेक्रेटरी म्हणाले. "हे त्यांचं कामच आहे."

"त्यांच्या लेकीचं नाही ना! बापाचा आवाज आपण तिच्या ताटातून काढून घेतलाय. मी सगळ्यांत जास्त घेतलाय!"

मागून कोणीतरी विचारलं, "मग आजाऱ्यांकडे कोण जाणार?"

"आज मी जाते."

"तू? बाळ शिंकलं तरी घाबरतेस!"

"घाबरत घाबरत जाईन."

कोणीतरी हसलं. पण शिंपीकाका उठून म्हणाले, "बुधवारी मी जातो." सेक्रेटरींनी घसा खाकरला, खाली बघितलं आणि शुक्रवार मागून घेतला.

वाचकहो, जो सर्वांची विचारपूस करतो, त्याची विचारपूस आपोआप होत असेल, असं आपण धरून चालतो. ही आपली सवय आहे, आणि ती लाजिरवाणी आहे. सेवा करणारा माणूस विहीर नव्हे. त्यालाही घर असतं, आणि आपण घेतो त्यातलं बरंचसं त्या घराच्या वाट्याचं असतं. तुमच्याही ओळखीत असं एक माणूस असेल. शिक्षक असेल, नर्स असेल, नाहीतर शेजारची काकू. आज त्यांच्याकडे जा. काही मागू नका. "तुम्ही कसे आहात?" एवढंच विचारा. ते "मजेत" म्हणतील. तरी लगेच उठू नका.