गोड बोलायचा महिना

माझ्या तोंडाला आजवर कुणी लगाम घातला नव्हता. सासूनं नाही, नवऱ्यानं तर नाहीच नाही. तो घालायला निघाली शेजारच्या सात मजली इमारतीतली चष्मेवाली बाई, आणि तेही माझ्याच गोठ्याच्या दारात, नाकाला रुमाल लावून!

ती इमारत आमच्या चुलत दिरानं विकलेल्या वावरात उभी राहिलीय. दोन वर्षांमागं तिथं कणसं डोलायची, आता चड्ड्या वाळतात.

"आजी, तुमचं दूध चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण पहाटे तुम्ही म्हशींना जे बोलता, ते सातव्या मजल्यापर्यंत ऐकू येतं."

"दूध पण सातव्यापर्यंत येतं की."

"मुलं शिकतात हो! काल माझी नात बाहुलीला म्हणाली, भवाने, पाय आवर."

"मग, आवरला का बाहुलीनं?"

बाईंना हसू आलं नाही. इमारतीनं बैठक घेऊन ठरवलं होतं. महिनाभर म्हशींशी गोड बोलायचं, नाहीतर सगळे पिशवीचं दूध घेणार.

माझा थोरला तिथंच उभा होता. त्याच्या डोळ्यांत लगेच दिवे लागले. गिऱ्हाईक तुटलं की म्हशी विकायच्या, गोठा पाडायचा आणि रस्त्याकडेला चार दुकानं काढायची, हे त्याचं कधीचं चाललंय. त्याचं तोंड बघितलं आणि मी बाईंना म्हणाले, "बोलते गोड. जिभेला काय हाड असतं?"

आता खरी गोम सांगते. माझ्या तीन म्हशी म्हणजे एक आई नि तिच्या दोन लेकी. तिघी माझ्या हाताखाली वाढल्या. शिव्या त्यांनी चिकाबरोबर प्यायल्यात. कास धुताना मी तोंड सोडलं, की त्या पान्हा सोडतात. बाकी कुणाला दाद देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी कास धुतली आणि म्हणाले, "सोड गं माझी सोनुली, सोड गं राणी."

आई म्हशीनं मान वळवून मला असं न्याहाळलं, जशी मी कुणी परकी पाहुणी. मग तिघींनी दूध वर चढवलं ते चढवलंच. चरवीचा तळ भिजला तेवढाच.

तिसऱ्या दिवशी धाकट्या सुनेनं डोकं चालवलं. "सासूबाई, तुमचं बोलणं मी मागंच मोबाइलमध्ये भरून ठेवलंय. हळूच म्हशीच्या कानाशी लावू."

"भरून कशाला ठेवलं गं?"

"माहेरी ऐकवायला."

तिचा हिशेब नंतर बघू म्हटलं. म्हशीनं मोबाइल वरून खालून चाटला. तो जो बंद पडला, तो पुन्हा बोललाच नाही. म्हटलं, बरं झालं.

चौथ्या दिवशी उजाडायच्या आत थोरला टेप घेऊन गोठा मोजायला लागला. "आई, उद्या व्यापारी येतोय म्हशी बघायला." मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा मला शब्द सुचेना.

तेवढ्यात चष्मेवाल्या बाई आल्या, हातात रिकामी किटली. "आजी, नात पिशवीच्या दुधाला तोंड लावत नाही. आमचे हे तर रोज चहा बेसिनमध्ये ओततात."

"मला काय सांगता? म्हशींना सांगा."

बाईंनी खरंच सांगितलं. "द्या ना हो, प्लीज." म्हैस त्यांच्या चपलेवर मुतली.

बाईंनी पाय झटकला, चष्मा पुसला. "आजी, बोला."

"काय बोलू?"

"रोज बोलत होता ते."

"आणि तुमची बैठक?"

"चुलीत घाला बैठक!"

मग काय! तीन दिवसांचं तुंबलेलं होतं. "अगं ए टवळे, अवदसे, दगडाच्या जातीची! गव्हाणी रिकाम्या करतीस आणि माझ्यापुढं नखरे? सोड, नाहीतर शेपटीला धरून सातव्या मजल्यावर टांगीन!"

म्हशीनं डोळे मिटले. चरवीत धार वाजली. दुसरी, तिसरी, भराभरा. समोरच्या खिडक्यांत दिवे लागले, कुणी खिडकी मात्र लावून घेतली नाही.

तिघींचं दूध काढून झालं तरी माझ्या तोंडात बरंच उरलं होतं. मी थोरल्याकडं वळले.

"टेप गुंडाळ, मेल्या. आणि त्या व्यापाऱ्याला फोन लावून दे. मीच बोलते."

थोरल्यानं टेप गुंडाळली. फोन काही त्याला दिवसभर सापडला नाही.