उतारावरचं स्टेडियम

आमच्या शहराच्या फुटबॉल स्टेडियमचा इतिहास 'थोडा' या शब्दापासून सुरू होतो. पाणी साचू नये म्हणून इंजिनियरसाहेब म्हणाले, "मैदानाला थोडा उतार ठेवा." ठेकेदाराने त्यात स्वतःचा थोडा घातला, मुकादमाने आपला थोडा, आणि आपण कुठे कमी पडलो असं नको म्हणून मजुरांनी आणखी थोडा. उद्घाटनाला पाहुण्यांनी मधोमध ठेवलेला चेंडू कुणी पाय न लावताच गोलात गेला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून आमचा संघ घरी हरला नाही आणि बाहेर जिंकला नाही. पोरं उताराच्या हिशेबाने पास द्यायची. सपाट मैदानावर तो पास अर्ध्या वाटेत बसकण मारायचा. आम्ही मात्र कॉलर ताठ करून फिरायचो.

यंदा माझी थोरली बहीण संघाची प्रशिक्षक झाली आणि तिने मैदान सपाट करून घेतलं. मैदानाचा उतार गेला आणि शहराचं तोंड उतरलं.

"ताई, अगं निदान थोडा तरी ठेवायचास," मी म्हणालो.

"त्या थोड्यानेच घात केलाय."

स्टेडियम समितीचे अध्यक्ष ताईचे सासरेच. तरुणपणी ते संघाचे गोलकीपर होते आणि वरच्या गोलात असताना पेपर वाचत. त्यांनी सरळ बजावलं, "सूनबाई, पहिला सामना हरलात तर उतार परत, आणि तुम्ही घरी."

"चालेल बाबा. घरी तुम्हाला सोबत होईल."

सामना शेजारच्या शहराशी होता. सुरुवातीलाच आमचा पास अर्ध्यात थांबला. पुढे त्यांचाही थांबला. त्यांचे प्रशिक्षक एवढंसं तोंड करून ताईकडे आले.

"बाई, उतार कुठे गेला? आम्ही वर्षभर टेकडीवर सराव केलाय हो!"

मध्यंतरापर्यंत चेंडू मैदानभर ठिकठिकाणी विश्रांती घेत होता आणि बावीस जण त्याची वाट बघत होते. ताईने पोरांना गोळा केलं.

"चेंडू तुमच्याकडे चालत येणार नाही. तो काय जावई आहे? तुम्ही जा त्याच्याकडे!"

पोरं पळाली. आमच्या पोरांना इतकं पळताना शहराने पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी आमचा एक गोल झाला, तोही लाथ मारून.

"उतार नसताना मारलेला गोल धरायचा का?" सासऱ्यांनी समितीला विचारलं. समितीने चहा मागवला. चहा संपला तरी कुणी 'नाही' म्हणेना.

पुढचा सामना बाहेरगावी होता. ताई बसमध्ये चढली, तर पहिल्या सीटवर मफलर गुंडाळून सासरे.

"बाबा, तुम्ही कुठे निघालात?"

"बाहेर जिंकलेला सामना मी अजून बघितलेला नाही," ते म्हणाले. "आणि ती खिडकी लावा, वारा लागतोय."