प्लास्टिकखालचा गालिचा

मी एक जुना गालिचा आहे. मित्रांनो, माझी कहाणी ऐकण्याआधी मला विकत घेण्यात कोणाच्या पदरात काय पडणार होतं, ते ऐका. दुकानदाराची फळी मोकळी होणार होती. दोन वर्षं मी तिच्यावर गुंडाळून पडलो होतो. सूनबाईंना जाऊबाईंपेक्षा वरचढ हॉल मिळणार होता. चिरंजीवांना आठवडाभर घरात शांतता. आणि बाबांना मिळणार होती दहा फूट न घसरणारी जमीन. ही शेवटची बाब मात्र कोणी हिशेबात धरलीच नव्हती.

बाबांनी आयुष्यभर बस चालवली. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला, तेव्हा त्याचं ऑपरेशन झालं. "रोज चाला. एकदा आखडला की माझ्याही हातात काही राहणार नाही," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण हॉलची फरशी आरशासारखी गुळगुळीत. तिच्यावर एकदा पाय सटकला आणि बाबांचा धीरच सुटला.

मला एका आईनं आणि तिच्या लेकीनं विणलं. दोघी मागावर शेजारी बसून सात महिने गाठी मारत होत्या, आई डाळिंबी लोकरीच्या, लेक निळ्या. लेकीची नजर खिडकीबाहेर गेली की गाठ सैल पडे. आई म्हणे, "हात इथं ठेव, डोळे सावकाश आण." चालणाऱ्या माणसांसाठी आपण तयार होतोय, एवढं मला तेव्हाच कळलं होतं.

दुकानदारानं मला सूनबाईंपुढे उलगडलं आणि चार गोष्टी सांगितल्या. "ताई, खाली जाळी अंथरा, म्हणजे हा सरकणार नाही. सहा महिन्यांनी दिशा बदला, नाहीतर उन्हानं एकच बाजू विटेल. काही सांडलं तर टिपा, घासू नका. आणि लोकर आहे, हिला हवा लागू द्या."

"म्हणजे जपायला हवा," सूनबाई चिरंजीवांना म्हणाल्या. एवढ्या सगळ्यातून त्यांनी तेवढंच उचललं.

पहिल्या संध्याकाळी बाबा अनवाणी माझ्यावर उतरले. एक फेरी, दोन, चार. "सूनबाई, हा रस्ता झकास आहे गं! उद्यापासून दहा फेऱ्यांची ड्युटी."

उद्या उजाडला आणि माझ्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक चढलं. कडा चिकटपट्टीनं बंद. या घरात टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक होतं, सोफ्याला होतं, मग मी कसा सुटणार?

"अगं, यावरून पाय सटकतोय," बाबा म्हणाले.

"जाऊबाई येऊन बघून गेल्या की काढू, बाबा."

"कधी यायच्यात त्या?"

"अजून बोलावलं कुठंय? आधी पडदे येऊ देत."

पडदे आले. मग पडद्यांना शोभतील अशा उशा हव्या झाल्या, मग उशांना शोभेल असा दिवा. मी आत घुसमटत होतो. माणसं दिसत, पण पाऊल लागत नसे. बाबांनी भिंतीला धरून चालून पाहिलं, तर बोटांचे डाग पडले. "बाबा, रंग ताजा आहे हो. बसा ना, पडाल." सूनबाई दुष्ट मुळीच नव्हत्या. गोळ्या वेळेवर, चहा हातात. जसं मला जपलं, तसंच त्यांनाही जपलं. बाबा खुर्चीत बसून राहिले. एका दुपारी वाकून मला म्हणाले, "काय रे, तुलाही डेपोत लावलं?"

पुढे कुंडीचं पाणी पट्टीच्या फटीतून आत झिरपलं. सूनबाईंनी वरून पुसलं. आतलं आतच राहिलं. मला बुरशी धरली. हॉलमध्ये कुबट वास येऊ लागला, तेव्हा त्यांनी गुलाबाचा फवारा आणला.

अकराव्या महिन्यात जाऊबाई आल्या. त्यांच्यासमोर पट्टी सोलली गेली, प्लास्टिक उचललं गेलं. जाऊबाईंनी नाकाला रुमाल लावला. "रंग छान आहे गं. पण खाली उंदीर वगैरे मेलाय का? आमचं बाई साधं जाजम. पोरं दिवसभर लोळतात त्याच्यावर."

चिरंजीव हसले आणि त्यांची शांतता त्याच क्षणी संपली.

पाहुणे गेल्यावर सूनबाई मला फेकायला निघाल्या. "फेकू नकोस," बाबा म्हणाले. "माझ्या खोलीत टाक." गालिचे धुणाऱ्यानं माझा कुजलेला अर्धा भाग कापला, उरलेला सावलीत वाळवला आणि खाली जाळीही घातली. सूनबाईंनी स्वतः हात पुढे केला. "चला बाबा, आता हवं तेवढं चाला."

बाबा उठले. गुडघा लाकडासारखा झाला होता. चार पावलं टाकली आणि पलंगाची कड धरून बसले. डॉक्टरीणबाई येऊन पाहून गेल्या. "आता हा एवढाच वाकणार," म्हणाल्या. सूनबाई खाली बसून माझ्या झालरीची दशी बोटाला गुंडाळत राहिल्या.

मित्रांनो, गालिचा आणाल तर त्याला झटका, फिरवा, वारा द्या. पण त्याच्यावर पावलं पडू द्या. झिजण्यानं आम्ही मरत नाही.

दुकानदाराची फळी मोकळी झाली. जाऊबाईंना वर्षभर पुरेल असा किस्सा मिळाला. माझं अर्धं अंग गेलं, पण लोकर पुन्हा विणता येते. बाकी सगळी किंमत बाबांच्या डाव्या गुडघ्यानं भरली.