नमुन्याची लाल फ्रेम

माझ्यावर गावोगावचे लोक बसले, पण मी कुणाचीच झाले नाही. मी एक जुनी फ्रेम आहे, मित्रांनो. शर्यतीच्या सायकलची, कार्बनची, लाल रंगाची. चाके, हँडल, पॅडल हे सगळे माझ्यावर चढते आणि गरज संपली की उतरते. सायकलचा देह म्हणाल, तर तो मी.

माझा जन्म ग्रापा पर्वताच्या पायथ्याशी, गाल्दिनोच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे त्याच्या घराचा तळमजला. गाल्दिनोने काळे कापड कात्रीने कापले, राळेत भिजवले, माझ्या नळ्यांच्या सांध्यांवर जखमेला पट्टी बांधावी तसे घट्ट गुंडाळले आणि मला भट्टीत घातले. बाहेर आले तेव्हा मी पावाच्या मोठ्या लादीपेक्षा जड नव्हते. माझ्या मागोमाग माझी बहीण झाली, काळी.

आम्हा दोघींना त्याने विकायला केलेच नव्हते. गाल्दिनो प्रत्येकाच्या मापाची वेगळी फ्रेम करतो, आणि इथे खरी गंमत आहे. माणसाचे हातपाय मोजता येतात. त्याला काय हवे ते मोजता येत नाही, कारण ते त्याचे त्यालाच ठाऊक नसते. म्हणून आम्ही दोघी नमुन्याच्या. आमच्याकडे अशा फ्रेमला 'मुलेत्तो' म्हणतात, म्हणजे लहानसे खेचर. बहीण ताठ. तिच्यावर पाय मारला की सगळा जोर चाकाला मिळतो, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा पाठीलाही मिळतो. मी जराशी नमते. गाल्दिनो म्हणायचा, "दोघींना डोंगरावर नेऊन आणा, मग बोलू." लोक माझ्यावरून उतरून म्हणत, "वा, काय सुंदर चालते!" आणि ऑर्डर काळीची देऊन जात. पोट जितके पुढे, तितका काळीचा आग्रह जास्त. वाईट वाटायचे मला, खोटे कशाला बोलू?

कार्बनची एक खोड तुम्हाला सांगायला हवी. लोखंडाची फ्रेम पडली की वाकते, पोचा पडतो, आंधळ्यालाही कळते. आम्ही पडलो तर वरून जशाच्या तशा दिसतो आणि आतले थर सुटलेले असतात. म्हणून आम्ही फिरून आलो की गाल्दिनो खिशातून जुने लिराचे नाणे काढायचा आणि आम्हाला अंगभर वाजवून बघायचा. टिक, टिक, टिक. आवाज खणखणीत आला की आम्ही पुन्हा खुंटीवर. एकदाही चुकला नव्हता तो.

चुकला तो ओत्ताविओच्या वेळी.

ओत्ताविओ म्हणजे गावच्या सायकल क्लबाचा अध्यक्ष आणि गाल्दिनोचा बालमित्र. गाल्दिनोच्या मुलीला, इलेनियाला, बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानेच हातांवर धरले होते, म्हणून ती त्याला 'सांतोलो', म्हणजे धर्मपिता, म्हणते. आमच्याकडे सांतोलोचा मान बापाच्या बरोबरीने. क्लबातल्या पोरांना हा दर आठवड्याला भाषण द्यायचा, "पडलात तर लगेच सांगा! पडण्यात लाज नाही, लपवण्यात आहे!" त्यालाही स्वतःसाठी नवी फ्रेम करून घ्यायची होती. एका शनिवारी त्याने आधी काळीला फिरवून आणले, मग मला घेऊन गेला.

उतारावर त्याला तारुण्य आठवले. एका वळणावर बारीक खडी होती. ब्रेक उशिरा लागला, चाक घसरले, आणि माझी खालची दांडी, हँडलच्या अगदी मागे, दगडी कठड्यावर आपटली. आतून काहीतरी सुटले. मला ते स्पष्ट कळले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. ओत्ताविओ उठला, कोपर सोलवटलेले. आधी त्याने मागे-पुढे पाहिले, मग मला. रंगाचा एक टवका उडाला होता, एवढेच. घरी नेऊन त्याने मला धुतले, पुसले आणि बायकोच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका तिथे लावला. रंग इतका जुळला की मलाही कौतुक वाटले असते, पण मी भीतीने अर्धी झाले होते.

संध्याकाळी तो मला परत घेऊन आला, काखेत एक लांबलचक सोप्रेस्सा सॉसेज, अंगात लांब बाह्यांचा शर्ट.

"कशी वाटली?" गाल्दिनोने विचारले.

"लोण्यासारखी! पण मला काळीच कर. अध्यक्षाला शोभायला नको?"

"तुझ्या कमरेला विचारलंस का?"

"कंबर माझं ऐकते, मी कमरेचं नाही!"

दोघे हसले. गाल्दिनोचा हात सवयीने खिशात गेला. नाण्याला लागलाही. मी मनात म्हटले, वाजव. आणि हात रिकामा बाहेर आला. सांतोलोसमोर फ्रेम वाजवायची म्हणजे पाहुणा उठायच्या आत चमचे मोजण्यासारखे. तो गेल्यावर वाजवायची, तर ते पाठीमागे संशय घेणे. गाल्दिनोने मला खुंटीवर टांगले, सॉसेज उचलले आणि वर जेवायला गेला.

पुढच्या रविवारी इलेनिया खाली आली. तिला एका संघाने चाचणीला बोलावले होते आणि बाप तिच्यासाठी तिच्या मापाची फ्रेम करणार होता. काळीसारखी की माझ्यासारखी, तेवढे तिने ठरवायचे होते. ठरले असे की, मला घेऊन तिने डोंगराच्या मध्यावरच्या बारपर्यंत चढायचे आणि तिथून सुसाट उतरायचे. मग तेच काळीवर. गाल्दिनो काळीला व्हॅनमध्ये टाकून पायथ्याशी थांबणार होता.

मित्रांनो, तो चढ मी जन्मात विसरणार नाही. चढावर वेग नसतो, तिथे मी तग धरला असता. पण उतारावर तिने वळणापाशी पुढचा ब्रेक दाबला असता, तर सगळा भार येणार होता नेमका त्या नेलपॉलिशखाली. मला तोंड नाही. मला एकच गोष्ट येत होती, ती मी केली. तिने पाय मारला की मी करकरले. पुन्हा पाय, पुन्हा करकर.

"काय कटकट आहे!" इलेनिया धापा टाकत म्हणाली. "पप्पांनी सीटच्या दांडीला ग्रीस लावलेलं दिसत नाही."

सायकल करकरली की सगळ्या जगाला आधी सीटची दांडीच आठवते. मी आणखी जोरात करकरले. तिने आणखी जोरात पाय मारले.

बारच्या अंगणात क्लबाची मंडळी बसली होती. मधोमध ओत्ताविओ, हातात वाइनचा छोटा ग्लास. आम्ही शेवटचा चढ चढत होतो तेव्हाच त्याच्या कानांवर माझा आवाज गेला. त्याने ग्लास खाली ठेवला.

"सांतोलो! इतक्या उन्हात लांब बाह्या?" इलेनिया थांबली, नळावर बाटली भरू लागली.

"म्हातारपणाची थंडी, पोरी," दुसराच कुणीतरी म्हणाला आणि सगळे हसले. "अध्यक्षमहाराज, हिनं तुमची लाज काढली. तुम्ही अजून खालच्या वळणावर सायकल ढकलत असता!"

ओत्ताविओ हसला नाही. "ही... लाल आहे ती?"

"हो, तुम्ही नेली होतीत तीच. करकरते नुसती. आता उतारावर बघते कशी पळते ते."

"राहू दे आज. माझ्या गाडीतून चल खाली."

"गाडीतून? उतरायलाच तर आलेय!"

"पाऊस येईल."

सगळ्यांनी वर पाहिले. आभाळ धुतल्यासारखे निळे होते. पुन्हा हशा.

"मग बस जरा. आइस्क्रीम खा."

"मी काय पहिल्या कम्युनियनला चर्चमध्ये आलेली लहान पोर आहे?" इलेनियाने बाटली माझ्यावर खोचली, मला वळवले, एक पाय पॅडलवर अडकवला. समोर रस्ता खाली कोसळत होता. मला त्या माणसाचा इतका राग आला, मित्रांनो, की सांगता सोय नाही. भाषणे देणारे ते तोंड आता पाऊस आणि आइस्क्रीम यांच्यामागे लपत होते. तिने दुसरा पाय उचलला.

खुर्ची पडल्याचा आवाज आला. ओत्ताविओ धावत आला आणि त्याने दोन्ही हातांनी माझे हँडल धरले.

"उतर खाली."

"सांतोलो, काय झालंय तुम्हाला?"

"उतर म्हणतो ना!"

त्याने एकदा अंगणातल्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिले. मग डाव्या हाताची बाही वर केली. कोपरावर खपली होती.

"मी पडलो होतो. हिच्यावरून. कठड्यावर आपटली ही. मी पुसली, रंग लावला आणि नेऊन ठेवली."

इलेनिया उतरली. तिने नखाने तो ठिपका खरवडला.

"आणि तुम्ही मला पावसाची भीती घालत होतात?" ती म्हणाली. "आइस्क्रीम देत होतात?"

तिने फोन केला तसा गाल्दिनो व्हॅन घेऊन वर आला. सगळ्यांसमोर त्याने नाणे काढले आणि हँडलपासून वाजवत निघाला. टिक. टिक. मग ठिपक्यापाशी थप्प, ओल्या पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखे. त्याने पुन्हा वाजवले. पुन्हा थप्प. तो तिथेच पायरीवर बसला.

"बोल मला," ओत्ताविओ म्हणाला. "शिव्या घाल."

"तुला काय बोलू? नाणं माझ्याच खिशात होतं," गाल्दिनो म्हणाला. "पोरीचा बाप मी, आणि जपत बसलो तुझी इभ्रत."

इलेनिया बरेच दिवस सांतोलोशी बोलली नाही. समोर आला तर नमस्कार करायची, पण नजर बाजूला. ओत्ताविओने अध्यक्षपद सोडले. कुणी सोड म्हटले नव्हते. गाल्दिनोने करवत घेऊन माझी खालची दांडी कापली. आत थर सुटून उलगडलेले होते, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. ते पाहून त्याने करवत ठेवली आणि दुकान बंद करून टाकले.

मग एका संध्याकाळी ओत्ताविओ दारात आला, हात रिकामे. आत येऊ की नको, असे त्याचे चाललेले. गाल्दिनोने मुलीला विचारले, "चाचणी जवळ आली. कुणासारखी करू, सांग."

"लालसारखी."

"उतारावर चालवलीच नाहीस तिला."

"चढावर चालवली ना. काळीलाही मग फिरवून आणलं. तिच्यावर बसलं की सांतोलोंचं भाषण ऐकल्यासारखं वाटतं. घटकाभर अंग सैल सोडायची सोय नाही."

हसू लपवायला गाल्दिनोने मान खाली घातली. दारातून एक विचित्र आवाज आला. ओत्ताविओ हसत होता आणि डोळे पुसत होता. "आत या," इलेनिया म्हणाली, "दार उघडं ठेवलं की धूळ येते." मला इतक्या वर्षांत कुणी निवडले ते त्या दिवशी, आणि तेव्हा मी दोन तुकड्यांत होते.

आता मी दारासमोरच्या भिंतीवर आहे, कापलेले तोंड पुढे करून. माझ्यावर पुन्हा कुणी बसणार नाही. एकच विनवणी आहे तुम्हाला. आमची निगा म्हणजे फक्त धुणे-पुसणे नव्हे. आपटलो असलो, तर तेवढे सांगा. आणि तुमच्या हाती आम्हाला तपासायचे काम असेल, तर समोरचा कितीही मानाचा असो, हात मागे घेऊ नका.

नवे गिऱ्हाईक आले की आधी माझ्याकडे बघते आणि विचारते, "ही कुणी फोडली?" गाल्दिनो अशा वेळी मुद्दाम भट्टीत डोके घालतो, मित्राची लाज राखायला. पण ओत्ताविओ कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठतो. "मी," तो म्हणतो, "आणि पुसून परत आणून ठेवली." ऐकून तो माणूस माझ्या फटीत बोट घालून बघतो. मग नमुन्याची सायकल फिरवून आणल्यावर, कुठे घसरलो ते कुणी विचारायच्या आत सांगतो.